खालून टाकलेली सर्व्हिस

माझ्या दादाच्या व्याख्यानाला कधी गेलात तर शेवटपर्यंत थांबा, कारण शेवटी मी येते. आधी पडद्यावर येते. एकोणीस वर्षांची मी, रॅकेट गुडघ्याजवळ, बॉल कमरेपाशी, चेहरा घामाने निथळणारा. दादा आवाज एकदम खाली आणतो.

"ही माझी धाकटी बहीण. मोठ्या स्पर्धेची सेमीफायनल. पहिला सेट गेलेला. समोरची मुलगी हिची प्रत्येक सर्व्हिस आधीच ओळखत होती. मग हिने काय केलं? सगळ्यांच्या देखत खालून सर्व्हिस टाकली! शाळेतली पोरं टाकतात तशी. लोक हसले. पण समोरचीचा ताल जो बिघडला तो बिघडलाच. मित्रांनो, सामना चालू असताना जो खेळ बदलतो तो जिंकतो. तुमची जाहिरात महिनाभर कुणी बघत नाहीये, मग तुम्ही अजून वरूनच सर्व्हिस का करताय?"

टाळ्या. मग दादा पहिल्या रांगेकडे हात करतो, मी उठते आणि डावा हात वर करते. पुन्हा टाळ्या. लोकांना वाटतं मी डावखुरी आहे. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही हे त्यांना कोण सांगणार? इतक्या वर्षांत एकाही शहाण्याने विचारलेलं नाही की सेमीफायनल जिंकली, मग फायनलचं काय झालं.

दादाची डिजिटल मार्केटिंगची कंपनी आहे. लोकांच्या मोबाइलवर जाहिराती सोडायच्या, कोण थांबून बघतं, कोण बोट लावतं, कोण वैतागून पुढे सरकवतं ते मोजायचं आणि त्याप्रमाणे पैसा इकडचा तिकडे फिरवायचा, हा धंदा. नवऱ्यापासून वेगळी झाले तेव्हा दादानेच मला ऑफिसात घेतलं, काम शिकवलं, आणि आज जाहिरातींचे आकडे माझ्याइतके चटकन कुणाला वाचता येत नाहीत. हे त्याचे उपकार आहेत आणि मी ते नाकारत नाही. नाकारता आले असते तर बरं झालं असतं.

टेनिसचे धडे हे त्याचं भांडवल. स्पर्धकाचा बॅकहँड कच्चा असेल तिथे बॉल टाका, म्हणजे तो जिथे जाहिरात करत नाही तिथे तुम्ही करा. दोन पॉइंटच्या मध्ये श्वास घ्या, म्हणजे तासातासाला आकडे बघून घाबरू नका. हे सांगणारा माणूस स्वतः अंघोळीलाही मोबाइल घेऊन जातो. त्याच्या बोलण्यातलं बरंचसं खरं असतं, आणि म्हणूनच तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या ऑफिसात 'फसलं', 'बुडालं' या शब्दांना बंदी आहे. सकाळच्या बैठकीत ज्याची मोहीम पडली असेल त्याने उभं राहून म्हणायचं, "पहिला सेट गेला," आणि लगेच काय बदलणार ते सांगायचं. आमचा चित्रकार एकदा लग्न मोडल्यावर रजा मागायला गेला, तेव्हाही तेच म्हणाला होता. दादाला त्यातला टोमणा कळला नाही. त्याने पाठ थोपटून रजा दिली.

खरी गोष्ट अशी आहे. त्या सेमीफायनलच्या पहिल्या सेटमध्येच माझ्या उजव्या खांद्यात काहीतरी फाटलं. आवाज नाही आला, पण मला कळलं. बाजू बदलताना मी जाळीच्या कुंपणापाशी गेले. पलीकडे दादा उभा होता, कारण बाबांना कधी रजा मिळायची नाही आणि माझ्याबरोबर गावोगाव तोच फिरायचा. मी म्हटलं, "दादा, हात वर जात नाहीये." तो पांढराफटक पडला. मग म्हणाला, "मग खालून टाक. पण सोडू नकोस. इथपर्यंत आलोय." मी खालून टाकली. डावपेच कसला आलाय, मला दुसरं काही करताच येत नव्हतं. समोरची हसली, मग चिडली, मग पुढे धावत येऊन चुकत गेली, आणि मी जिंकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला दात घासायचा ब्रश धरता येईना. फायनल न खेळताच दुसरीला मिळाली, आणि त्यानंतर मी स्पर्धेत उतरले नाही ती नाहीच.

दादा खोटं बोलतो असं नाही हां. त्याला खरंच तसं आठवतं. त्या दिवशी आपण 'सोडू नकोस' म्हणालो हे त्याला इतकं जड गेलं असणार, की त्याने त्याचं व्याख्यान करून टाकलं आणि मोकळा झाला. मी मूग गिळून बसले, कारण त्या व्याख्यानावर दोन घरं चालत होती.

माझी मुलगी हेच व्याख्यान ऐकत मोठी झाली. घरात तिला आम्ही भिंगरी म्हणतो. चालायला लागल्यापासून ती सरळ कधी चाललीच नाही, स्वतःभोवती फिरतच इकडून तिकडे जायची. तिला पहिली रॅकेट मामाने आणून दिली. पहाटे सरावाला गाडीने न्यायचा तोही मामाच. मी नको म्हटलं होतं, पण पोरगी माझ्यापेक्षा चांगली निघाली. तिचा फोरहँड बघितला की मला राग आणि आनंद एकदमच व्हायचा. पंधराव्या वर्षी तिचं नाव वर्तमानपत्रात यायला लागलं आणि दादाच्या डोक्यात किडा वळवळला.

त्याच्याकडे एक मोठं गिऱ्हाईक आलं होतं, खेळाडूंनी प्यायच्या कसल्याशा रंगीत पाण्याची कंपनी. त्यांच्याकडून बोलणी करायला एक बाई यायच्या, नखं नेहमी बाटलीच्या रंगाची. मी त्यांना मनातल्या मनात बाटलीवाल्या बाई म्हणायची, पुढे सगळं ऑफिस म्हणायला लागलं. दादाने त्यांना भिंगरीचे सरावाचे व्हिडिओ दाखवले आणि मोहीम ठरली: 'थांबायचं नाही'. भिंगरी पायऱ्या चढतेय, भिंगरी पडून उठतेय, भिंगरी बाटली तोंडाला लावतेय. तिच्या प्रवासाचा, प्रशिक्षकाचा, रॅकेटचा सगळा भार कंपनीने उचलला. आधी लोकांनी डोक्यावर घेतलं. मग कंटाळले. लोक कंटाळतातच. तिसऱ्या सेकंदाला अंगठा वर सरकायला लागला, आकडे उतरले, आणि बाटलीवाल्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पहिला सेट गेला," दादा बैठकीत म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "ठरवून काढलेले व्हिडिओ लोकांना नकोत. त्यांना खरं हवंय. पुढच्या आठवड्यात भिंगरीची स्पर्धा आहे. ती फायनलला गेली तर फायनल थेट दाखवायची, प्रत्येक पॉइंट आपल्या पानावर. सामना चालू असताना खेळ बदलायचा."

कल्पना चांगली होती, मीच आकडे काढून दिले. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की थेट प्रक्षेपण असेल तर लोक पाचपट जास्त वेळ थांबतात.

भिंगरी सेमीफायनल जिंकून घरी आली त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. तिने वरच्या फळीवरचा डबा काढला. डाव्या हाताने. मग तिने केस बांधले, मान उजवीकडे वाकवून, हात अर्ध्यावरच थांबवून, डोकं हाताकडे नेऊन. असे केस कसे बांधतात ते मला आरशातून पाठ आहे.

"कधीपासून दुखतोय?"

"काय?"

"खांदा."

"कुठे काय? जरा ताठलाय. तू ना आई, प्रत्येक गोष्टीत खांदाच बघतेस."

मी गॅस बंद केला, तिला समोर बसवलं आणि तेवीस वर्षांपूर्वीची ती सेमीफायनल जशी झाली तशी सांगितली. कुंपण, हात वर न जाणं, मामाचं 'सोडू नकोस', सकाळचा ब्रश, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, पोहोचलं.

"पण तू जिंकलीस ना?" ती म्हणाली.

"जिंकले आणि संपले."

"मामा तसं नाही सांगत."

"मामा व्याख्यान देतो, भिंगरी."

"आणि तू दर वेळी उठून उभी राहतेस." तिने डोळे माझ्यावरून हलवले नाहीत. "खोटं असतं तर कशाला उभी राहिली असतीस? आत्ता माझी फायनल आली आणि तुला हे आठवलं. तुला बघवत नाहीये, खरं सांग."

तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. ती उठून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन दादाच्या केबिनचं दार ढकललं. तो फायनलची वेळ, कॅमेऱ्याची जागा, असलं काही फोनवर ठरवत होता. मी फोन त्याच्या हातातून काढून टेबलावर पालथा ठेवला.

"तिचा खांदा गेलाय. फायनल खेळवायची नाही."

"गेला बिला नाहीये, अवघडलाय. मला सांगितलंय तिने."

"तुला सांगितलं?"

"हो, मंगळवारी. तुला सांगितलं तर तू घाबरशील म्हणाली." तो हसला, अगदी प्रेमाने. "मी तिला म्हटलं, वरून टाकताना दुखत असेल तर खालून टाक. तुझ्या आईनेच शिकवलंय ते जगाला. पोरीचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू!"

याला मारावं की रडावं कळेना. "दादा, मी खालून टाकली कारण माझा हात वर जात नव्हता. तू कुंपणाशी होतास. मी तुला सांगितलं होतं."

"अगं हो, थोडं दुखत होतं तुला. पण तू त्यातून मार्ग काढलास! तेच तर म्हणतोय मी."

"तू माझा फाटलेला खांदा इतकी वर्षं विकतोयस."

आता त्याचा चेहरा पडला. मग हळू आवाजात म्हणाला, "आणि तू? तू टाळ्या घेतल्या नाहीस?" आणि त्यानेच विषय मिटवला. "हे बघ, तिच्यावर कुणाचीही जबरदस्ती नाही. ती खेळाडू आहे, ती ठरवेल. कोर्टावर डॉक्टर असतो. आणखी काय पाहिजे तुला?"

पंधरा वर्षांच्या मुलीने ठरवायचं! समोर कॅमेरा, बाजूला मामा, मागे कंपनी आणि डोळ्यांसमोर आईचा फोटो, एवढ्यांच्या मधोमध उभं राहून तिने ठरवायचं की मला दुखतंय. मी तिला घरात कोंडूनही बघितलं असतं, पण ती प्रशिक्षकाकडे राहायला गेली आणि फायनलपर्यंत परत आलीच नाही. फोन उचलला नाही. 'आई प्लीज', एवढाच निरोप.

फायनल दुपारी होती. क्लबच्या मधल्या कोर्टाभोवती लाकडी बाकांच्या रांगा, जाळीच्या टोकाला उंच खुर्चीवर पंच, कोर्टाच्या मागे तिपाईवर आमचा कॅमेरा. कुंपणाला कंपनीचे फलक बांधलेले, 'थांबायचं नाही'. मी बाटलीवाल्या बाईंच्या शेजारी बसले होते. त्यांनी मला एक थंड बाटली दिली. मी ती उघडली नाही.

पहिला सेट भिंगरीने गमावला. वरून टाकलेली तिची प्रत्येक सर्व्हिस जाळीत किंवा बाहेर. प्रत्येक वेळी बॉल उडवला की तिचा खालचा ओठ दातांखाली जायचा. बाकीच्यांना ती जिद्द दिसत होती. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला तिने बॉल दोनदा आपटला, रॅकेट खाली नेली आणि खालून सर्व्हिस टाकली.

बाकांवर खसखस पिकली. समोरची मुलगी पुढे धावली, तिचा बॉल जाळीत. पुन्हा खालून, पुन्हा चूक. दादा उभाच राहिला. "बघ! बघ! बदलला खेळ!" त्याच्या हातातल्या मोबाइलवर लाल बदाम बुडबुड्यांसारखे वर जात होते. कुणीतरी लिहिलं होतं, 'आईवर गेलीये'. बाटलीवाल्या बाईंनी माझा हात दाबला. "तुम्हाला किती अभिमान वाटत असेल!"

माझ्या पोरीचा हात माझ्यासमोर फाटत होता आणि लोक त्याला बदाम देत होते. सर्व्हिस खालून टाकली म्हणून काय झालं? पुढचा प्रत्येक फोरहँड त्याच खांद्यातून जातो. दर फटक्यानंतर ती हात शरीराशी आवळून घेत होती. तिने दुसरा सेट जिंकला, आणि सगळा क्लब उठून ओरडायला लागला.

मी बाकांवरून उतरले आणि मुख्य पंचांच्या टेबलाशी गेले. ते पिकल्या केसांचे, टोपी घातलेले, नियमाला पक्के गृहस्थ होते. मी म्हटलं, "मी तिची आई. तिला दुखापत झालीये, मी सामना सोडतेय."

"खेळाडूने सांगावं लागतं, बाई. किंवा डॉक्टरने."

"ती अल्पवयीन आहे."

"मग डॉक्टरला पाठवतो. त्याहून जास्त मला करता येणार नाही."

त्यांनी खरंच पाठवलं. डॉक्टर, एक तरुण मुलगा, भिंगरीच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. मी कुंपणाच्या फाटकाशी उभी होते, बोलणं ऐकू येत होतं. दादाने कॅमेरेवाल्याला खूण केली आणि कॅमेरा त्यांच्याकडे वळला. भिंगरीला ते दिसलं. ती हसली. बाटलीवरचं नाव समोर येईल अशी बाटली हातात धरून ती म्हणाली, "काही नाही डॉक्टर, जरासा ताठलाय." त्याने हात वर करायला सांगितला. तिने खांद्याच्या उंचीपर्यंत नेला, हसत हसत, आणि तिथून पाठ वाकवून आणखी वर गेल्यासारखा दाखवला. मला तीही युक्ती माहीत होती. डॉक्टर पंचांना म्हणाला, "ती खेळू शकते म्हणतेय."

मग मी फाटक उघडून आत गेले.

"आई, बाहेर हो," ती दातांवर दात दाबून म्हणाली. "मला दंड होईल. बाहेर हो ना!"

खुर्चीवरचे पंच ओरडले, "तुम्हाला आत येता येणार नाही!" मी म्हटलं, "आलेय." आणि माझ्या मुलीच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या बाजूला, हाडाच्या टोकाखाली बोटभर, एक जागा आहे. तिथे काही झालं नसेल तर दाबल्याचं कळतही नाही. मी अंगठा ठेवला आणि दाबला. सगळी ताकद लावून दाबला, तिला लपवता येणार नाही इतका.

ती किंचाळली. तशी किंचाळी मी तिच्या जन्मापासून ऐकली नव्हती. हातातली बाटली पडली, ती खुर्चीतून खाली घसरली, आणि मातीत बसून लहान पोरासारखी हमसून हमसून रडायला लागली. डॉक्टरने घाईघाईने पंचांकडे हात हलवला. सामना संपला. मी तिला उठवायला वाकले, तर तिने डाव्या हाताने मला ढकललं. "हात नको लावूस!"

दुखापत निघाली. मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की स्नायू थोडा फाटलाय, वेळेवर थांबली म्हणून शस्त्रक्रिया टळली. आणखी एक सेट खेळली असती तर सांगता येत नव्हतं. सहा महिने विश्रांती, मग व्यायाम, मग पुन्हा पहिल्यासारखी खेळेल. मी दवाखान्याच्या बाकावर बसून रडले, सुटल्यासारखं रडले. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. भिंगरी मामाच्या गाडीतून घरी गेली.

दरम्यान ती किंचाळी जगभर फिरत होती. आमच्या पानावर एवढे लोक कधीच आले नव्हते. सकाळच्या बैठकीत पडद्यावर आकड्यांची रेघ उभी चढलेली होती, आणि खाली लोकांचं बोलणं. 'ही आई की कसाई?' 'पोरीचं यश बघवलं नाही हिला.' 'शाबास, अशी आई हवी.' 'मुलीला कॅमेऱ्यासमोर मारते, पोलिसांत द्या.' ऑफिसातलं कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. एवढा वेळ लोक आपल्या एका व्हिडिओवर थांबलेले मी स्वतः कधी पाहिले नव्हते, आणि सवयीने माझी नजर आधी तिकडेच गेली, हेही सांगून टाकते.

मला वाटलं होतं दादा खचेल. दोन दिवस तो खरंच खचला. माझ्या घरी आला, दारातच उभा राहून म्हणाला, "माझ्या लक्षात नाही आलं गं," आणि डोळे पुसले. तिसऱ्या दिवशी त्याने बाटलीवाल्या बाईंना बोलावलं, भिंगरीला बोलावलं आणि मला केबिनमध्ये यायला सांगितलं.

भिंगरीचा हात झोळीत होता, खांद्यावर जॅकेट टाकलेलं. ती माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली. बाईंनी बोलायला सुरुवात केली. आता 'थांबायचं नाही' चालणार नाही, लोकांचा सूर बदललाय. नवी मोहीम, 'थांबायलाही ताकद लागते'. कंपनी पुढची दोन वर्षं भिंगरीच्या पाठीशी उभी राहणार, उपचारांसकट. फक्त तो प्रत्यक्षातला व्हिडिओ फार कडवट आहे, तो काढून टाकायचा. त्याऐवजी नवीन चित्रीकरण करायचं. तेच कोर्ट, तेच कपडे. भिंगरी सर्व्हिस करायला उभी राहते, थांबते, खांद्याला हात लावते, पंचांकडे बघून स्वतःच हात वर करते आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणते, 'कधी थांबायचं, ते मला कळतं.'

"मी कुठे आहे त्यात?" मी विचारलं.

दादा खाकरला. "लोकांच्या मनात तुझ्याबद्दल जरा... दोन तट आहेत. म्हणून तू नाहीस. तुझ्याच भल्यासाठी."

"पण ती थांबली नव्हती."

"आई, सही कर ना," भिंगरी म्हणाली. फायनलनंतर ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मुलगी अल्पवयीन, म्हणून आईची सही लागत होती. टेबलावर कागद होता, त्यावर पेन.

"तुला करायचंय हे?"

"मग सहा महिने काय करू? घरी बसून तुझं तोंड बघू?"

"अगं, आईला असं बोलू नये," दादा म्हणाला.

"मी खरंच हात वर करणारच होते," भिंगरी त्याच्याकडे बघून म्हणाली. "पुढच्या गेमला. हिने करू दिलं नाही."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं आठवत होतं. तिच्या मामासारखाच तिचाही चेहरा स्वच्छ आणि निरागस होता. भांडावं कुणाशी आणि कशासाठी? खांदा वाचला होता. बाकी सगळं त्यांचं होतं.

केबिन थंडगार होती. तिच्या उजव्या खांद्यावरून जॅकेट घसरलं. मी टेबलाला वळसा घालून गेले आणि ते वर ओढायला हात पुढे केला. ती दचकली. खुर्चीसकट मागे सरकली, डावा हात उजव्या खांद्यावर घट्ट धरून, आणि क्षणभर तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती. मला बघून माझ्या पोरीच्या डोळ्यांत भीती होती. मी हात मागे घेतला.

दादाने उठून जॅकेट नीट केलं. त्याच्या हाताखाली ती निवांत बसून राहिली. मी सही केली आणि कागद बाईंकडे सरकवला.